कोठारातील संशोधक : चार्ल्स केटरिंग

नागपूर शहराच्या मध्यभागी 'झीरो माईल' या नावाने ओळखला जाणारा एक दगडी स्तंभ उभा आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारे राष्ट्रीय महामार्ग याच शहरी एकमेकांस छेदतात. काटोल-नरखेडकडची संत्री घेऊन निघालेल्या मालमोटारी, गावोगावी जाणाऱ्या एस. टी. च्या गाड्या आणि लहानमोठ्या मोटारी यांची तेथे रात्रंदिवस वर्दळ असते. चालक आपल्या आसनावर बसतो, किल्ली फिरवितो आणि क्षणार्धात इंजिन घरघरू लागते. पाहणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र मोटार सुरू करणे हे पैलवानाचे काम होते. गाडीच्या तोंडाशी एक लोखंडी हँडल अडकवावयाचे, पाय घट्ट रोवावयाचे आणि सारे बळ एकवटून ते गरगरा फिरवावयाचे. एकदा फिरविले, दोनदा फिरविले, तरी इंजिन रुसलेलेच. थंडीच्या दिवसांत वंगण गोठल्यासारखे घट्ट झाले म्हणजे तर चालक घामाघूम होऊन जाई. त्यातही मोठा धोका होता. इंजिनात ठिणगी वेळेपूर्वी पडली, तर स्फोटाचा जोर उलट दिशेने लागे आणि हँडल हिसका मारून मागे फिरे. त्या तडाख्याने कित्येकांची मनगटे मोडत, कोणाचा जबडा फुटे. स्त्रिया, वृद्ध माणसे व अशक्त माणसे मोटारीत बसत. पण ती स्वतः चालविण्याचा विचार त्यांना सहसा करता येत नसे. ही अडचण ज्यांनी दूर केली त्या चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचे हे चरित्र आहे.

अमेरिकेतील ओहायओ राज्यात लाउडनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाजवळच्या एका शेतावर २९ ऑगस्ट १८७६ रोजी चार्ल्सचा जन्म झाला. घरची शेती होती. गुरे राखणे, लाकडे फोडणे, कापणीस हातभार लावणे ही कामे त्या घरातील मुलांच्या अंगवळणी पडलेली होती. चार्ल्सची दृष्टी लहानपणापासून अधू होती. पुस्तक फार वेळ डोळ्यांपुढे धरले की त्याचे डोके ठणकू लागे. परंतु वस्तू हाताने उघडून पाहण्याचा त्याला विलक्षण नाद होता. शेजाऱ्याच्या शेतातील गहू कापून त्याने काही मजुरी मिळविली. इतर मुलांनी त्या पैशांची मिठाई किंवा नवे कपडे घेतले असते. चार्ल्सने टपालाने एक टेलिफोन मागविला, आणि तो बोलण्यासाठी नव्हे, तर खोलून पाहण्यासाठी! आतील लोहचुंबक, तारेची वेटोळी आणि पातळ पडदा यांच्याकडे पाहता पाहता विजेशी त्याचे जे नाते जडले, ते पुढे कधीच तुटले नाही.

शालेय शिक्षण संपल्यावर चार्ल्सने काही काळ खेड्यातील शाळेत शिक्षकाचे काम केले. पुढे तो ओहायओ राज्याच्या विद्यापीठात दाखल झाला. परंतु डोळ्यांनी दगा दिला. वाचन अशक्य झाले आणि शिक्षण अर्धवट टाकून त्याला बाहेर पडावे लागले. तेव्हा त्याने टेलिफोनच्या तारा घालणाऱ्या टोळीत नोकरी धरली. उन्हातान्हात खांबांसाठी खड्डे खणणे हे त्या नोकरीतील पहिले काम होते. विद्यापीठातून निघालेल्या तरुणाला असे काम पत्करताना संकोच वाटला असता, तर नवल नव्हते. पण चार्ल्सने मन लावून खड्डे खणले, तारा ओढल्या, बिघडलेली यंत्रे दुरुस्त केली आणि थोड्याच दिवसांत तो टोळीचा मुकादम झाला. मोकळ्या हवेतील या श्रमांनी त्याच्या डोळ्यांनाही विसावा मिळाला. तो पुन्हा विद्यापीठात गेला. खोलीतील सोबती त्याला धडे वाचून दाखवीत आणि तो ते ऐकून लक्षात ठेवी. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविली.

पदवी मिळताच केटरिंग यांना डेटन शहरातील एका मोठ्या कारखान्यात नोकरी मिळाली. दुकानदारांना लागणारी रोकड मोजण्याची यंत्रे तेथे तयार होत. त्या यंत्राचा खण हाताने दांडा फिरवून उघडावा लागे. हे काम विजेच्या मोटरीने करावे, अशी कारखान्याच्या चालकांची इच्छा होती. जाणत्या अभियंत्यांनी हिशेब मांडला, तेव्हा एवढ्या कामाला लागणारी मोटर यंत्राच्या पेटीत मावणारच नाही असे दिसून आले. केटरिंग यांनी त्याच हिशेबाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. दिवसभर अखंड चालणाऱ्या मोटरीचा तो हिशेब होता. या यंत्रातील मोटरीला तर एका वेळी क्षणभरच काम करावयाचे होते आणि पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत ती विसावाच घेणार होती. क्षणभर जास्त भार सोसल्याने मोटर जळत नाही. तो भार बराच वेळ राहिला, तरच ती तापून निकामी होते. या विचाराने त्यांनी एक लहानशी पण जोरकस मोटर तयार केली आणि विजेवर चालणारे रोकडयंत्र सिद्ध झाले. मोठ्या दुकानांतील उधारीचे व्यवहार दूर बसलेल्या कारकुनाकडून तारेने मंजूर करून घेण्याची एक युक्तीही त्यांनी याच कारखान्यात शोधून काढली.

या साऱ्या खटाटोपात 'रिले' नावाच्या एका चिमुकल्या साधनाशी केटरिंग यांचा दाट परिचय झाला. पुढच्या हकिगतीत हे साधन वारंवार येणार आहे. म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे. पूर्वी डाक घेऊन जाणारा स्वार टप्प्याटप्प्याला दमलेला घोडा सोडून ताजा घोडा घेई. तारायंत्राच्या लांबलचक तारेतून आलेली वीजही अशीच थकलेली असते. ती पलीकडच्या टोकाला पोहोचते खरी, पण तिच्यात यंत्र वाजविण्याइतके बळ उरत नाही. मग ती एका लोखंडी दांडीभोवतीच्या वेटोळ्यातून नेतात. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की दांडी लोहचुंबक बनते आणि समोरची हलकी पट्टी आपल्याकडे ओढून घेते. पट्टी सरकताच दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे मंडल जोडले जाते. पहिला प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. एका दुबळ्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर दुसऱ्या बलवान प्रवाहाचे दार उघडावे व मिटावे, एवढेच रिलेचे काम असते.

त्या कारखान्यात एडवर्ड डीड्स नावाचे एक अधिकारी होते. केटरिंग यांच्या अंगचे गुण त्यांनी लवकरच ओळखले. डीड्स यांच्या घरामागे घोडागाडी व गवत ठेवण्याचे एक कोठार होते. दिवसभराची नोकरी आटोपल्यावर केटरिंग व त्यांचे काही उत्साही सहकारी या कोठारात जमू लागले. घोड्यांच्या जागी तेथे लेथ यंत्र व हत्यारे आली. रात्री उशिरापर्यंत कोठारात दिवे जळत आणि सुट्टीचा दिवसही तेथेच जाई. गावकरी या मंडळींना कौतुकाने 'कोठारातली टोळी' म्हणू लागले. थोरामोठ्यांच्या प्रयोगशाळांची वर्णने वाचताना अशा कोठारांचीही आठवण ठेवली पाहिजे. याच काळात आपल्याकडील शंकर आबाजी भिसे हे मुंबईचे कल्पक संशोधकही मातृभूमीपासून दूर राहून मुद्रणाचे खिळे ओतणारे यंत्र सुधारण्यासाठी झगडत होते. साधनांची उणीव हा त्या पिढीतील बहुतेक संशोधकांचा सोबती होता.

टोळीने प्रथम हाती घेतला तो मोटारीतील ठिणगीचा प्रश्न. इंजिनात पेट्रोलची वाफ पेटविण्यासाठी ठिणगी लागते. त्या काळच्या कित्येक मोटारींत प्रत्येक स्फोटाच्या वेळी एक पट्टी थरथरत राही आणि एकापाठोपाठ एक अनेक ठिणग्यांची सर पडे. वाफ पेटे ती एखाद्याच ठिणगीने. बाकीच्या साऱ्या वाया जात आणि गाडीतील कोरड्या बॅटऱ्या लवकर संपून जात. केटरिंग यांनी या जागी रिले बसविला. त्यायोगे प्रवाह नेमक्या क्षणी झटकन तोडला जाई आणि प्रत्येक स्फोटाला एकच, पण जोरदार ठिणगी पडे. बॅटरीचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. डेट्रॉइट शहरातील कॅडिलॅक मोटार कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हे साधन तपासून पाहिले. लेलँड अत्यंत काटेकोर होते. यंत्राच्या भागात केसभर फरक दिसला, तरी तो त्यांना खपत नसे. अशा माणसाने या साधनाचे हजारो संच मागविले, यातच सारे आले. १९०९ मध्ये केटरिंग व डीड्स यांनी आपली स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तिच्या लांब नावातील आद्याक्षरांवरून ती 'डेल्को' या नावाने ओळखली जाऊ लागली. केटरिंग यांनी पगाराची नोकरी सोडली.

यानंतर लेलँड यांनी केटरिंग यांच्यापुढे हँडलचा प्रश्न ठेवला. त्यामागे एक दुःखद घटना असल्याचे सांगतात. बायरन कार्टर नावाचे एक मोटार-कारखानदार लेलँड यांचे स्नेही होते. एका महिलेची मोटार वाटेत बंद पडलेली पाहून ते मदतीस धावले आणि उलट्या फिरलेल्या हँडलचा तडाखा त्यांच्या तोंडावर बसला. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. १९०८ मध्ये कार्टर यांचा मृत्यू झाला. आपल्या कारखान्यातील मोटारीने कोणाचा जीव जाऊ नये, अशी तळमळ लेलँड यांना लागून राहिली.

विजेच्या मोटरीने इंजिन फिरवावे, ही कल्पना पूर्वीही काहींना सुचली होती. पण तज्ज्ञांचा हिशेब आड येत असे. इंजिन फिरविण्याजोगी मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल आणि तिला लागणाऱ्या बॅटऱ्यांनीच गाडी भरून जाईल, असे ते म्हणत. केटरिंग यांना हा हिशेब ओळखीचा वाटला. रोकडयंत्राच्या वेळीही त्यांच्यासमोर असाच आकडा मांडला गेला होता! इंजिन सुरू होण्यास काही सेकंद पुरतात. तेवढा वेळ लहान मोटरीने दुप्पट-चौपट भार ओढला, तर बिघडते काय? मोटरीचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या गतिचक्राशी जोडले की तिचे बळ अनेक पटींनी वाढते. याशिवाय केटरिंग यांनी आणखी एक धाडसी विचार केला. इंजिन एकदा सुरू झाले की मोटर रिकामी बसते. मग इंजिनानेच तिला फिरवावे. विजेची मोटर फिरविली असता ती डायनामोप्रमाणे वीज निर्माण करते. ती वीज बॅटरीत साठवावी. तिच्यावर दिवे लावावेत, ठिणग्या पाडाव्यात आणि पुढच्या वेळी पुन्हा इंजिन सुरू करावे. एकच यंत्र प्रथम चाकर आणि नंतर कमावता पुत्र अशी दोन्ही कामे करणार होते.

कागदावर ही योजना सुंदर दिसत होती. परंतु खरी अडचण येथेच सुरू झाली. ही अडचण समजण्यासाठी आपण मोटेच्या विहिरीचे उदाहरण घेऊ. बैल मोट ओढतात आणि पाणी वर टाक्यात पडते. समजा, विहीर व टाके यांना जोडणारा एक नळ आहे आणि त्यातूनच पाणी वर चढते आहे. बैल जोरात चालत असतील, तोवर पाणी टाक्याकडे जाईल. बैल मंदावले किंवा थांबले, की तेच पाणी त्याच नळाने उलट विहिरीत उतरेल आणि भरलेले टाके रिकामे होईल. बॅटरी हे टाके होय आणि डायनामो ही मोट होय. इंजिन वेगाने फिरते, तेव्हा डायनामोचा विद्युत्दाब बॅटरीच्या दाबाहून अधिक असतो आणि वीज बॅटरीत शिरते. गाडी चौकात थांबली, इंजिन मंदावले, की डायनामोचा दाब खाली येतो. अशा वेळी दोघांमधील वाट उघडी राहिली, तर बॅटरीतील वीज उलट धावून डायनामोत शिरेल. डेल्कोच्या योजनेत तर डायनामो हाच मोटर होता. उलट आलेली वीज त्याला पुन्हा मोटर करून इंजिनाशी झुंजविण्याचा प्रयत्न करील, तारा तापतील आणि मालकाला सकाळी निष्प्राण बॅटरी व हातात तेच जुने हँडल मिळेल!

तेव्हा या वाटेवर एक पहारेकरी हवा होता. तो असा हवा, की त्याला कोणी सांगावे लागू नये. डायनामोचा दाब वाढताच त्याने आपण होऊन दार उघडावे, आणि दाब उतरताच आपण होऊन मिटावे. केटरिंग यांचा जुना सोबती रिले येथे उपयोगी पडला. चार्जिंगच्या मंडलातील या रिलेला पुढे मोटारवाले 'कटआउट' म्हणू लागले. त्यात एकाच लोखंडी दांडीवर दोन वेटोळी असतात. एक बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांचे, दुसरे जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचे. बारीक वेटोळे डायनामोचा दाब सतत चाचपून पाहते. दाब पुरेसा झाला की चुंबक पट्टीला ओढून घेतो व वाट जुळते. मग बॅटरीकडे जाणारा सारा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहतो आणि चुंबकाची पकड अधिकच घट्ट करतो. इंजिन मंदावून प्रवाह उलटला, की जाड वेटोळ्याचे चुंबकत्व बारीक वेटोळ्याच्या विरुद्ध होते. पकड सुटते आणि स्प्रिंग पट्टीला मागे ओढून वाट तोडते. ज्या उलट प्रवाहाने घात व्हावयाचा, त्याच्याकडूनच दार मिटवून घेण्याची ही युक्ती मोठी चतुराईची आहे.

पण युक्ती सुचणे वेगळे आणि ती धक्के खाणाऱ्या मोटारीत टिकविणे वेगळे. पहारेकरी फार उतावळा असला, तर पुरेसा दाब येण्यापूर्वीच दार उघडतो; वीज उलट येते, दार मिटते; पुन्हा उघडते, पुन्हा मिटते. अशी पट्टी सारखी फडफडू लागली की तिच्या टोकांवर ठिणग्या पडतात आणि ती जळून खरखरीत होतात. पहारेकरी फार आळशी असला, तर इंजिन वेगात येऊनही दार बंदच राहते आणि बॅटरी उपाशी राहते. हे सारे अवलंबून असते स्प्रिंगच्या ताणावर आणि चुंबक व पट्टी यांच्यामधील फटीवर. ती फट किती? काही कागद एकावर एक ठेवले असता जेवढी जाडी होते, तेवढीच. टेबलावर बरोबर जमलेला मेळ खडबडीत रस्त्यावर बिघडू शकतो. म्हणून अशा साधनाची खरी परीक्षा चालत्या गाडीतच होते. केटरिंग यांचा स्वभावही याला अनुकूल होता. पुस्तकातील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष यंत्र काय सांगते, याकडे त्यांचे लक्ष अधिक असे.

पहाऱ्याचा प्रश्न सुटला, तरी आणखी एक शत्रू उरतोच. इंजिन फार वेगाने फिरले तर डायनामो नको इतकी वीज निर्माण करतो आणि बॅटरी उकळू लागते. त्यासाठी दुसरा, दाब आवरणारा नियंत्रक लागतो. डेल्कोच्या आरंभीच्या काही संचांत पाऱ्याच्या नळीत वरखाली होणारा एक दट्ट्या या कामी योजलेला असे. विद्युत्चुंबक त्याला वर उचली, तसतसा मार्गातील विरोध वाढे आणि डायनामोचा जोर आपोआप कमी होई.

उष्णतेचा या साधनांवर होणारा परिणाम नागपूरच्या मुलांना सहज पटेल. जानेवारीतील पहाटे तेथे अंगावर शाल घ्यावी लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. एका अंशाला शेकडा सुमारे ०.४ या प्रमाणात. म्हणजे ४० अंशांचा फरक पडला, तर विरोध शेकडा १६ ने वाढावयाचा! तेवढ्या प्रमाणात वेटोळ्यातील प्रवाह घटतो, चुंबक दुबळा होतो आणि थंडीत बरोबर उघडणारे दार उन्हाळ्यात उशिरा उघडते. पुढील काळातील अभियंत्यांनी यावर उपाय म्हणून पट्टीच्या सांध्याशी दोन भिन्न धातूंची जोडपट्टी बसविली. उष्णतेने ती किंचित वाकते आणि स्प्रिंगचा ताण तेवढाच हलका करते.

१९१० च्या अखेरीस आणि १९११ च्या आरंभी कोठारातील टोळीला दिवस-रात्र पुरेनाशी झाली. १९११ च्या फेब्रुवारी महिन्यात हा संच बसविलेली कॅडिलॅक मोटार लेलँड यांच्यापुढे उभी राहिली. हँडलला हात न लावता तिचे इंजिन सुरू झाले. लेलँड यांनी १९१२ सालच्या आपल्या मोटारींत हे साधन बसविण्याचे ठरविले. केटरिंग व डीड्स यांचा विचार फक्त संशोधन करून ते इतरांच्या हवाली करावे असा होता. परंतु एवढ्या थोड्या अवधीत हे नवे यंत्र तयार करून देणारा दुसरा कोणी मिळेना. शेवटी त्यांना स्वतःच कारखानदार व्हावे लागले.

त्या पहिल्या संचात इंजिन सुरू करण्यासाठी बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवीत आणि दिव्यांसाठी व बॅटरी भरण्यासाठी ६ व्होल्टचा दाब वापरीत. ही अदलाबदल करणारी रचना गुंतागुंतीची होती आणि विजेची ओळख नसलेल्या त्या काळच्या कारागिरांना ती दुरुस्त करताना नाकी नऊ येत. पुढे ती सोपी करण्यात आली. तरीसुद्धा पहिल्याच वर्षी सुमारे १४,००० मोटारी या साधनासह रस्त्यावर आल्या. इंग्लंडमधील रॉयल ऑटोमोबाईल क्लबने या कामगिरीबद्दल कॅडिलॅक कंपनीला मानाचा 'ड्यूअर' चषक दिला. केटरिंग यांना त्यांच्या योजनेचे पेटंट १९१५ मध्ये मिळाले.

पाहता पाहता इतर कंपन्यांनीही हँडलला रजा दिली. मोटार चालविण्यासाठी दंडात बळ असण्याची अट राहिली नाही. त्यापूर्वी शहरातील पुष्कळ स्त्रिया पेट्रोलच्या मोटारीऐवजी बॅटरीवर चालणारी मोटार पसंत करीत, कारण ती सुरू करण्यास हँडल लागत नसे. केटरिंग यांच्या शोधानंतर स्त्रिया पेट्रोलच्या मोटारीही चालवू लागल्या आणि बॅटरीवरील मोटारी मागे पडत गेल्या. विजेच्याच साहाय्याने पेट्रोलच्या मोटारीने विजेच्या मोटारीवर मात केली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. शंभर वर्षांनी विजेच्या मोटारी पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या, तो भाग निराळा.

डेल्को कंपनी पुढे जनरल मोटर्स या प्रचंड उद्योगसमूहात सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग त्या समूहाच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. ज्या खेड्यांत वीज पोहोचली नव्हती, तेथील शेतकऱ्यांसाठी इंजिन, डायनामो व बॅटरी यांचा लहानसा संच त्यांच्या कंपनीने याआधीच, १९१६ पासून, तयार केला होता. शेतावर कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या केटरिंग यांना या कामाचे विशेष अगत्य वाटले असल्यास नवल नाही. आगगाडीसाठी डिझेल इंजिन हलके व कार्यक्षम करण्यातही त्यांच्या विभागाचा मोठा वाटा होता.

मात्र त्यांचा प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांवरील हवेने थंड राहणारे एक इंजिन त्यांनी फार आशेने तयार केले. १९२३ मध्ये ते बसविलेल्या मोटारी बाजारात आल्या. पण त्या इतक्या तापू लागल्या की कंपनीला त्या परत घ्याव्या लागल्या. केटरिंग यांना हे अपयश फार लागले.

दुसरी एक गोष्ट याहून गंभीर आहे. इंजिनातील खडखड थांबविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याची युक्ती १९२१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली या त्यांच्या सहकाऱ्याने शोधली. केटरिंग यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये हे संयुग तयार करणारे काही कामगार मृत्युमुखी पडले, तरीही त्याचा प्रसार थांबला नाही. पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारींच्या धुरातून शिसे हवेत मिसळत राहिले. लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून अपाय होतो, हे सिद्ध झाल्यावर एकेका देशाने त्यावर बंदी घातली. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. बॅटरीचे दार राखण्यासाठी ज्यांनी एवढी दक्षता घेतली, त्यांनी या विषाचे दार उघडताना ती दाखविली नाही, असे म्हणणे भाग आहे.

उत्तर आयुष्यात केटरिंग यांनी आपली पुष्कळशी संपत्ती विद्येसाठी व वैद्यकीय संशोधनासाठी दिली. कर्करोगावर संशोधन करणारी न्यूयॉर्क येथील एक नामांकित संस्था आल्फ्रेड स्लोन व केटरिंग या दोघांच्या नावाने १९४५ मध्ये स्थापन झाली. शंभराहून अधिक शोधांची पेटंटे नावावर असलेला हा संशोधक म्हातारपणीही नव्या प्रश्नांत रमून जाई. झाडाचे हिरवे पान सूर्यप्रकाशातून अन्न कसे तयार करते, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठीही त्यांनी मोठा खर्च केला. १९५८ च्या नोव्हेंबर महिन्यात डेटन येथे, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत मोटारीतील जुन्या डायनामोची जागा आल्टरनेटर नावाच्या नव्या यंत्राने घेण्यास सुरुवात केली. त्यात सिलिकॉनचे लहान तुकडे असतात आणि ते विजेला एकाच दिशेने जाऊ देतात; त्यामुळे उलट वाहणाऱ्या विजेसाठी पट्टी, स्प्रिंग व फट यांचा पहारेकरी ठेवण्याची गरज राहिली नाही. जुन्या मालमोटारी व ट्रॅक्टर यांच्यावरील कटआउटच्या काळ्या पेट्या तेवढ्या बराच काळ कारागिरांच्या हाताखालून जात राहिल्या. स्टार्टरकडे जाणारा बलवान प्रवाह जोडण्याचे काम मात्र एक विद्युत्चुंबकच करीत राहिला. चालक किल्ली फिरवितो तेव्हा इंजिन घरघरण्याच्या अगदी आधी जो 'टक्' असा आवाज येतो, तो त्याचाच असतो.